ले-ऑफ लागलाय? मग पीएफला हात लावायच्या आधी एवढं करा

लोटे, महाड, रोहा, नाहीतर रत्नागिरीचं मिरजोळे, कुठल्याही एमआयडीसीत दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतंच, की उद्यापासून गेटवर येऊन सही करा आणि घरी जा, काम सुरू झालं की कळवतो. आमच्या प्लांटला कच्चा माल येईना म्हणून आम्ही सत्तर दिवस असे बसलो होतो. पहिल्या आठवड्यात बरं वाटतं, घराची कौलं चाळून होतात, आंब्याला खत घालून होतं, आणि मग वाण्याची वही भरायला लागली की घरात विषय निघतो, पीएफ आहे ना तुमचा, तो काढा की.

मला मुख्य सांगायचंय ते आत्ताच सांगतो. ले-ऑफ म्हणजे नोकरी गेली असं नाही. तुमचं नाव कंपनीच्या रोलवर आहे तोपर्यंत तुमची सर्व्हिस चालू आहे, आणि पीएफ, पेन्शन, विमा, ग्रॅच्युइटी हे सगळं त्या एका गोष्टीला बांधलेलं आहे. म्हणून गरज असेल तर पैसे काढा, पण नोकरी सोडल्याची नोंद स्वतःच्या हाताने करू नका. आमच्यातल्या एकाने नेमकं तेच केलं होतं.

पण पहिलं काम पीएफचं नाहीये, गेटवरच्या सहीचं आहे. कायद्याने ले-ऑफची भरपाई मिळते, बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या निम्मी, साप्ताहिक सुट्टीचे दिवस सोडून. म्हणजे दोन्ही मिळून दिवसाला 600 पडत असतील तर 300. हे आधी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही निम्म्याचंच तत्त्व आहे. त्यासाठी एक वर्षाची सलग सर्व्हिस पाहिजे, कारखान्यात सरासरी पन्नास किंवा जास्त कामगार पाहिजेत, आणि तुम्ही बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागी लावलेले) किंवा कॅज्युअल कामगार नसायला पाहिजे. वर्षात 45 दिवसांच्या पुढे ले-ऑफ गेला आणि तसा करार झालेला असेल तर पुढची भरपाई थांबू शकते, म्हणून युनियनने कसला करार केलाय तो वाचून घ्या, नुसता ऐकू नका. आणि दुसरं म्हणजे ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा हजर राहावं लागतं, नाही राहिलात तर त्या दिवसाची भरपाई गेली. पुष्कळ पोरं दोन आठवडे बघून मुंबईला भावाकडे निघून जातात, तिकडे काहीतरी मिळतं पण इकडची भरपाई बुडते आणि वर गैरहजेरी लागते. जायचंच असेल तर हिशोब करून जा. रोज सही केल्यावर रजिस्टरच्या पानाचा फोटो काढायला मिळाला तर काढा, नाही मिळाला तर घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा, मी तसंच केलं आणि नंतर चार दिवसांचा घोळ झाला तेव्हा तेच कॅलेंडर घेऊन एचआरकडे गेलो.

मच्छीच्या कंपन्यांत आणि आंब्याच्या कॅनिंगला असणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी, तेव्हा माल कमी होतो, आणि जो कारखाना हंगामी धरला जातो त्याला ही ले-ऑफची भरपाई लागू होत नाही. पीएफ मात्र लागू असतो, त्यामुळे खालचं सगळं तुमच्यासाठीही आहे.

आता पीएफचं पासबुक उघडा. ईपीएफओ म्हणजे पीएफ सांभाळणारं सरकारी खातं, त्याच्या पासबुक साइटवर नाहीतर उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, टाकून बघता येतं. आमच्या वाडीत घरात रेंज नाही, ओटीपी यायचा असेल तर वर सड्यावर, म्हणजे डोंगराच्या माळावर, जावं लागतं, तर ज्यांचं तसं आहे त्यांनी रजिस्टर्ड मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल द्यावा, शिल्लक मेसेजने येते, साध्या फोनवर पण चालतं. पण एकदा तरी पूर्ण पासबुक बघाच, कारण त्यात तीन रकाने असतात आणि लोक फक्त पहिला बघतात. समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 आहे. तुमच्या पगारातून 12 टक्के म्हणजे 1,800 कापले जातात ते पहिल्या रकान्यात. कंपनीचे पण 12 टक्के, पण त्यातले 8.33 टक्के म्हणजे 1,250 पेन्शनच्या रकान्यात जातात आणि उरलेले 550 तुमच्या पीएफला. पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसत नाही म्हणून तो फुकट गेला असं समजू नका, त्याचं पुढे सांगतो.

पासबुकात बघायचं काय, तर ले-ऑफच्या आधीच्या शेवटच्या पगाराचा महिना पडलाय का. कंपनीने एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतोय आणि पासबुकात तो महिना नाही, असं असेल तर गप्प बसायचं नाही, कारण अडचणीत आलेल्या कंपनीत पहिल्यांदा हेच थकतं. आधी एचआरला लेखी विचारा, मग ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएस म्हणतात त्याला, तिथे स्लिपचा फोटो जोडून तक्रार टाका. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे, आणि कंपनी चालू असताना ते वसूल होणं सोपं जातं.

ज्या दिवसांचा पगार नाही ते दिवस कंपनी महिन्याच्या रिटर्नमध्ये एनसीपी डेज म्हणून दाखवते, म्हणजे वर्गणी नसलेले दिवस. हे दिसलं म्हणून घाबरू नका. साठलेल्या पैशावर व्याज चालूच राहतं, 2024-25 ला 8.25 टक्के होतं, ते दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात आणि वर्षाला जमा करतात. वर्गणी थांबली की व्याज थांबतं हा समज अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही, आणि काही एजंट हीच भीती घालून क्लेम भरायला लावतात.

आता तो सहकाऱ्याचा किस्सा. त्याला आपण बाळूदादा म्हणू. दोन महिने झाले, कंपनीकडून काही कळेना, मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. बाजारपेठेतल्या एका सेंटरवर गेला, तिथल्या पोराने सांगितलं की फॉर्म 19 भरला की सगळा पैसा येतो, त्यासाठी आधी नोकरी सोडल्याची तारीख टाकायची. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ही तारीख मेंबरला स्वतःला ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर टाकता येते, मॅनेजमध्ये मार्क एक्झिट म्हणून ऑप्शन असतो, आधारचा ओटीपी टाकला की झालं. त्याने टाकली. दहा दिवसांनी कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं. आता हा माणूस गेटवर हजर आणि ईपीएफओच्या रेकॉर्डला नोकरी सोडलेला. आपण टाकलेली तारीख आपल्याला पुसता येत नाही, मग कंपनीबरोबर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे दोघांनी मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, एचआरच्या फेऱ्या, कागद, परत फेऱ्या, त्याचे त्यात कित्येक महिने गेले. आणि मुलीच्या फीला पाहिजे होते ते पैसे फॉर्म 31 ने, कुठलीही तारीख न टाकता मिळाले असते.

तर फॉर्म नीट समजून घ्या. 31 म्हणजे ॲडव्हान्स, नोकरी चालू असताना काढायचा, परत भरावा लागत नाही. 19 म्हणजे पीएफचा शेवटचा हिशोब. 10सी म्हणजे पेन्शनचे पैसे काढून घेणं किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनची वर्षं जपून ठेवणारा दाखला, घेणं. ले-ऑफमध्ये तुमचा संबंध फक्त 31 शी. सेंटरवाल्याने 19 किंवा 10सी उघडलं तर त्याला तिथेच थांबवा.

ॲडव्हान्सचा जुना नियम असा होता की कारखाना पंधरा दिवसांच्या वर बंद आहे आणि भरपाई मिळत नाही, किंवा सलग दोन महिने पगार नाही, तर स्वतःच्या वाट्यातून पैसे काढता येतात. आजारपण, मुलांचं शिक्षण, लग्न, घर ही कारणं वेगळी होती आणि प्रत्येकाला वेगळी वर्षं लागायची. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे तेरा प्रकार तीन गटांत बसवायचा निर्णय घेतला, म्हणजे आजार-शिक्षण-लग्न यासारख्या गरजा, घर, आणि विशेष परिस्थिती, सगळ्याला एकच अट बारा महिन्यांच्या सर्व्हिसची, पण 25 टक्के रक्कम खात्यात ठेवायचीच. त्याच बैठकीत नोकरी गेल्यावर सगळा पीएफ काढायची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने आणि पेन्शनचे पैसे काढायची मुदत छत्तीस महिने करायचं ठरलं. त्यामुळे दोन महिने थांब आणि सगळं काढून मोकळा हो, हा जो गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सल्ला आहे तो विसरा. क्लेम भराल त्या दिवशी पोर्टलवर कारणांच्या यादीत जे दिसतं आणि जेवढी रक्कम दाखवतं तेच धरून चाला, आणि कारण खरं असेल तेच निवडा.

क्लेम भरायच्या आधी केवायसी बघा, कारण क्लेम अडकतो तो इथेच. आधार, पॅन, बँक खातं तिन्ही जोडलेलं आणि नाव तिन्हीकडे अक्षर न्‌ अक्षर सारखं पाहिजे. आमच्याकडे बायकांचे क्लेम यात फार अडकतात. माझी चुलत बहीण मच्छीच्या कंपनीत लग्नाआधी लागली, तिथे माहेरचं नाव, आधार लग्नानंतर बदललं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. तिला पैशाची गरज लागली तेव्हा कळलं. ही दुरुस्ती ले-ऑफच्या रिकाम्या दिवसांत करून टाका, आत्ता गरज नसली तरी. आधारला मोबाइल नंबर जुना असेल तर आधी तो बदला, ओटीपी तिकडेच जातो. आणि 2021 च्या 22 जुलैच्या पुरात चिपळुणात ज्यांचे कागद गेले त्यांच्यातल्या काहींनी अजून पासबुक, पॅन नवीन काढलेलं नाही, त्यांनी पण हे मनावर घ्या.

क्लेमला फी नाही. कोणी टक्केवारी मागत असेल, पाच टक्के द्या, लवकर करून देतो, तर तो तुमचाच फॉर्म तुमच्याच ओटीपीने भरणार आहे, दुसरं काही नाही. पाच लाखांपर्यंतचे ॲडव्हान्सचे क्लेम आता कॉम्प्युटरवर आपोआप पास होऊ शकतात, माणसाच्या ओळखीचा त्यात काही संबंध नाही. सेंटरवर शंभर-पन्नास टायपिंगचे द्या, पण फोन स्वतःच्या हातात ठेवा आणि ओटीपी सांगायच्या आधी स्क्रीनवर कुठला फॉर्म आहे ते वाचा.

काढायचे किती, हा प्रश्न प्रत्येकाच्या घरचा आहे, तरी माझं मत सांगतो. महिन्याचा खरा खर्च कागदावर लिहा, किराणा, लाइट बिल, गॅस, शाळा, औषधं, पतसंस्थेचा हप्ता. त्यातून ले-ऑफची भरपाई वजा करा. जी तूट येते तेवढ्याला दोन महिन्यांनी गुणा आणि तेवढेच काढा. आम्ही हे केलं तेव्हा तूट महिन्याला साडेसात हजारांची निघाली आणि मी काढायला निघालो होतो साठ हजार. साठ हजार 8.25 टक्क्यांनी वीस वर्षं तिथेच राहिले, दर तोच राहिला असं धरून, तर जवळजवळ दोन लाख नव्वद हजार होतात. बायकोनेच कॅल्क्युलेटर घेऊन बसून ते काढलं आणि आम्ही पंधरावर थांबलो.

पतसंस्थेचा किंवा फायनान्सचा हप्ता असेल तर आधी तिकडे जाऊन बोला. ले-ऑफची नोटीस घेऊन जा, दोन-तीन हप्ते पुढे ढकलून देतात का विचारा, व्याज लागेल पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही. जिथे चौदा-पंधरा टक्क्यांच्या वर व्याज आणि दंड चढत चाललाय तिथे पीएफमधून थोडे काढून ते बंद करणं मला चुकीचं वाटत नाही. दवाखान्याला काढणं तर अजिबातच नाही. गणपतीसाठी काढायचं म्हणाल तर कोकणातल्या माणसाला नको म्हणणं कठीण आहे हे मला माहितीये, मुंबईची मंडळी येणार, दहा दिवस घर भरलेलं, पण त्या वर्षी आमच्याकडे मखर घरच्या घरी बांबूचं केलं, भजनी मंडळाला चहा-उसळ दिली, कोणाला काही कमी वाटलं नाही. उपवर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा मखरात घालू नका एवढंच.

पेन्शनचं आता. 1995 च्या ईपीएस पेन्शन योजनेत दहा वर्षांची पात्र सर्व्हिस झाली की 58 व्या वर्षापासून पेन्शन मिळतं, पन्नासनंतर कमी करून पण घेता येतं, दर वर्षामागे चार टक्के कमी. हिशोब सोपा आहे, पेन्शनचा पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले सत्तर. 15,000 वर दहा वर्षांचे महिना 2,143 होतात आणि पंचवीस वर्षांचे 5,786, कारण वीस किंवा जास्त वर्षं झाली की 58 ला दोन वर्षं वाढवून धरतात. रक्कम मोठी नाही, पण आमच्या वडिलांच्या पिढीत ज्यांनी मुंबईत गिरणीत आयुष्य काढून हातात काही ठेवलं नाही त्यांना म्हातारपणी बघितलंय, दर महिन्याला येणारे दोन हजार पण काय असतात ते त्यांना विचारा. आणि 10सी भरून पेन्शनचे पैसे उचलले की ती सगळी वर्षं शून्य होतात, नवीन नोकरीत परत पहिल्यापासून. सात-आठ वर्षं झालेल्या माणसाने तर हे कधीच करू नये. ले-ऑफचं रूपांतर खरोखर नोकरी जाण्यात झालंच तर 10सी वरच स्कीम सर्टिफिकेट मागा, वर्षं जपून राहतात.

रोलवर नाव असण्याचा आणखी एक फायदा, ज्याच्याबद्दल घरात बोलायला कोणाला आवडत नाही. पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, आपल्या खिशातून त्याला एक रुपया जात नाही, आणि सर्व्हिसमध्ये असताना मेंबर गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळतात. 2025 च्या सुधारणेप्रमाणे शेवटची वर्गणी आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला आणि नाव रोलवरून काढलेलं नसेल तरी हा विमा मिळतो. म्हणजे ले-ऑफच्या काळात पण घराला आधार आहे, पण एक्झिट टाकलीत की नाव काढायला कंपनीच्या हातात तुम्हीच कागद दिलात. त्यासाठी ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसांची नावं ऑनलाइन लावणं, आजच्या आज करा, बायकोचा आणि मुलांचा फोटो, आधार, टक्केवारी, शेवटी ओटीपीने ई-साइन. ई-साइन केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, पुष्कळांचं तिथेच अर्धवट पडलेलं असतं.

ग्रॅच्युइटीलाही ले-ऑफचे दिवस कामाचे दिवस म्हणून मोजतात. ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांच्या अटीजवळ आलेल्याने, म्हणजे चार वर्षं आठ महिने झालेल्याने, राजीनामा देण्याआधी हे लक्षात ठेवावं. कंपनी कधी कधी म्हणते, राजीनामा द्या, लगेच हिशोब करतो. सही करायच्या आधी तो कागद घरी आणा आणि कोणाला तरी दाखवा.

कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना ले-ऑफची नोटीसही मिळत नाही, गेटपास बंद होतो तेवढंच. तुम्ही मेंबर पोर्टलवरच्या सर्व्हिस हिस्ट्रीत जाऊन बघा की कॉन्ट्रॅक्टरने एक्झिट टाकलीय का आणि कारण काय लिहिलंय. काही महिन्यांनी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे त्याच प्लांटला लागलात तर त्याला जुनाच यूएएन द्या, नवीन काढू देऊ नका, आणि जुन्या खात्यातले पैसे काढायच्या ऐवजी ट्रान्सफर करा. दोन यूएएन झालेली पोरं मी पाहिलीत, तीन-तीन वर्षांचे तुकडे, कुठेच दहा होत नाहीत. आणि पाच वर्षांची सलग सर्व्हिस होण्याआधी शेवटचा हिशोब काढला तर टॅक्सचा प्रश्न येतो, 50,000 च्या वर रक्कम गेली की 10 टक्के टीडीएस कापतात आणि पॅन नसेल तर 20. ट्रान्सफर केलं असेल तर आधीची वर्षं त्या पाचात धरतात. कंपनीच बंद पडल्यामुळे किंवा तुमच्या हातात नसलेल्या कारणाने नोकरी गेली असेल तर पाच वर्षांच्या आत काढलेल्यालाही करमाफी आहे, त्यासाठी कंपनीचं बंदचं पत्र जपून ठेवा.

परत बोलावलं की पहिल्या पगारानंतर पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या पुढे पासबुक आणि पोर्टलवरची सर्व्हिस हिस्ट्री उघडा. जुनाच मेंबर आयडी, म्हणजे त्या कंपनीतल्या पीएफ खात्याचा नंबर, चालू आहे का, ले-ऑफचे एनसीपी दिवस तुमच्या कॅलेंडरवरच्या खुणांशी जुळतात का, भरपाई मिळाली ते दिवस आणि रजेचे दिवस वेगळे धरलेत का हे बघा. नाही जुळलं तर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात ईपीएफओचं निधी आपके निकट शिबिर असतं, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी, तिथे पासबुकची प्रिंट, ले-ऑफची नोटीस, पगाराच्या स्लिपा आणि ते कॅलेंडर घेऊन जा. सकाळी लवकर जा, बारानंतर गर्दी वाढते.